तिसरी बरणी

येरमाळ्याला एसटीतून उतरणारी बहुतेक माणसं येडेश्वरीच्या दर्शनाला जातात. मी उतरले ती एका बरणीसाठी. परत येऊन आता महिना होत आला. ज्या घरी मी उतरले होते ते घर आता बंद आहे, किल्ली शेजारच्या गयाबाईंकडे आहे आणि घरमालक हैदराबादला मुलीकडे गेले आहेत. तिकडे जायचं म्हटलं तरी आता मला जाण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून निदान लिहून ठेवते.

आधी माझी ओळख. मी नाशिकला एका कॉलेजात बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. माझा विषय गांडुळं. ज्या बाईनं आयुष्य गांडुळांना वाहिलं, तिला लोक पंक्तीला बोलावतात, पण तिच्या शेजारच्या पाटावर बसायला फारसं कुणी उत्सुक नसतं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यापासून दिवसात माझं सर्वांत जास्त बोलणं गिझरशी होतं, कारण तो वेळेवर तापत नाही.

अशात दसऱ्याच्या सुमारास एक पोस्टकार्ड आलं. अक्षरं बोराएवढाली, ओळी खाली घसरलेल्या. ‘वसंता गेला. माझे डोळे चाललेत. दिवाळीनंतर मुलगी मला नेणार. तिसरी बरणी उघडायचीय. या. बशीर.’

बशीर म्हणजे शेखसर. ते, वसंतराव आणि मी विद्यापीठात एका वर्गात होतो. तिघंही प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झालो, तिघंही थोडे चक्रम. बरणीची गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात आम्ही येरमाळ्याच्या माळावर प्राणी शोधायला आलो होतो. आदल्या दिवशी हायवेवरच्या धाब्यावरचा रस्सा मला भोवला आणि मी विश्रामगृहात पोट धरून पडले. हे दोघं माळावर गेले. संध्याकाळी धावत आले ते जेवणाच्या डब्यात अकरा प्राणी घेऊन. मला उठवलं नाही, कारण मला तापही भरला होता. प्राणी टिकावेत म्हणून त्यांनी ते घाईघाईनं स्पिरिटमध्ये घातले. ते स्पिरिट नव्हतं. विश्रामगृहाच्या खानसाम्याचं व्हिनेगर होतं. सकाळी मी बाटली पाहिली तेव्हा आत नुसता गढूळ रस होता.

दोघं शपथेवर सांगत होते: अंगठ्याएवढा प्राणी, पाठीवर ढालीसारखं कवच, खाली पुष्कळ पाय, मागं दोऱ्यासारखी दोन शेपटं आणि डोळे तीन. असे प्राणी जगात आहेत, आपल्या देशातही सापडतात. पावसाच्या डबक्यात दोन-चार आठवडे जगतात, अंडी घालतात आणि मरतात. अंडी वाळल्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. पण या भागात ते कुणी पाहिले नव्हते, आणि यांच्या ढालीचा आकार पुस्तकातल्या कुठल्याच जातीशी जुळत नव्हता. शेखसरांनी त्याचं नाव ठेवलं ढाल्या.

मी बरी होऊन माळावर गेले, तोवर उघडीप पडून डबकं आटलं होतं. तळाची माती खरवडून आम्ही तीन बरण्या भरल्या. दर दहा वर्षांनी एक उघडायची असं ठरलं. मग त्या दोघांनी टिपण टाइप केलं, खाली तिघांची नावं घातली, आणि माझ्यापुढे ठेवलं. मी म्हणाले, “मी पाहिलं नाही, मी सही कशी करू?”

नियमानं ते बरोबरच होतं. पण नमुना नाही आणि सोबतची बाईही सही करत नाही म्हटल्यावर टिपण जिथं पाठवलं तिथून परत आलं. शेखसर पुढं येरमाळ्यालाच राहायला आले आणि गावात त्यांना ‘तीन डोळ्यांचे सर’ म्हणायला लागले. पहिली बरणी दहा वर्षांनी उघडली, पाणी ओतलं, काही झालं नाही. दुसरी वीस वर्षांनी, तेव्हाही नाही. दोन्ही वेळा मी हजर होते. दोन्ही वेळा त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, ते मला जास्त लागलं.

येरमाळा

स्टँडवर घ्यायला शेखसर स्वतः आले होते. हातात काठी, डोळ्याला गडद चष्मा. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ते माझ्या मागच्या ऊसतोड टोळीच्या ट्रॅक्टरकडं बघत राहिले. मी हाक मारली तेव्हा हसले.

“आलात का मॅडम? मी तुमच्या साडीचा रंग शोधायलो होतो. आता रंग तेवढे कळतेत. माणसं न्हाई कळत.”

काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं गेली होती. मधोमध एक भोक उरलं होतं, तेही धुक्याचं. डॉक्टरांनी धाराशिवला तपासून सांगितलं होतं की गेलेली परत येत नाही.

घर गावाबाहेर, तीन खोल्यांचं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. ओसरीवर तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या, तिसरी रिकामी. वसंतरावांची. टेबलावर पेनं ठेवायच्या पेल्यात वाळलेले, पिवळे पडलेले घटाचे कोंब खोचलेले दिसले. शेजारच्या गयाबाईंनी दसऱ्याला आपट्याच्या पानांसोबत दिलेले. आमच्याकडे नाशकात कोंब देवापुढे वाहतात, फार तर टोपीत खोवतात. इथं ते पेनांच्या सोबतीला उभे होते.

गयाबाईंनीच जेवण आणलं. साठीच्या आसपासची बाई, गुडघ्यावर हात टेकून चालणारी. सरांच्या दोन वेळच्या भाकरी त्या करतात आणि घराची एक किल्ली त्यांच्या कनवटीला असते. हुलग्याची शेंगोळी, कडक ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. भाकरी इतकी कडक की मोडताना पापडासारखा आवाज होतो. मी ती मऊ करायला रश्शात बुडवली तर गयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

“ताई, तिला कुस्करा. बुडवून काय व्हनार? ती काय बिस्कुट हाय व्हय?”

जेवणानंतर सरांनी कपाट उघडून तिसरी बरणी काढली. तोंडाला दादरा बांधलेला, त्यावर तीस वर्षांपूर्वीची वसंतरावांच्या अक्षरातली चिठ्ठी. सरांनी बरणी पोटाशी धरून अंगणात आणली. प्लास्टिकच्या मोठ्या घमेल्यात माती पसरली, वरून गाळलेलं पाणी ओतलं. गयाबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलणार असं मला वाटलं, पण त्या ताटं उचलून निघून गेल्या.

“चार दिवसांत कळंल,” सर म्हणाले. “या खेपेला यायलाच पाहिजे. पुढच्या खेपेला मी बघणार कशानं?”

माळावर

दुसऱ्या दिवशी डबक्याची जागा बघायला गेलो. माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. खाली रानोमाळ सोयाबीनची काढणी चालली होती आणि मळणी यंत्रांचा धुरळा रस्त्यावर येत होता. सर काठीनं मोजत चालले. एका पंक्चरच्या दुकानापाशी थांबले.

“हे बघा. इथं.”

तिथं हायवेचा जोडरस्ता होता. डांबर, खडी, टायरांचा ढीग. मी खाली वाकून बघितलं, उगीचच. दुकानवाल्यानं विचारलं काय हरवलं म्हणून. सर म्हणाले, “डबकं.” तो परत आपल्या ट्यूबकडं वळला. गावाला सरांची उत्तरं सवयीची असावीत.

परत येताना आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो आणि मग सर सुरू झाले. ते बोलायला लागले की मला पुन्हा वर्गात बसल्यासारखं वाटतं. जळकोटच्या पुढं त्यांना एकदा भर दुपारी खवल्या मांजर सापडलं होतं. ते चेंडूसारखं गुंडाळून बसलं. ते उलगडताना बघायचं म्हणून सर शेजारी मांडी घालून बसले. चार तास.

“येणारं-जाणारं माणूस विचारायचं, काय करायलात? मी म्हणायचो, वाट बघायलोय. कुणाची? ह्याची. लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. एकानं तर मला भाकरी आणून दिली. चार तास त्यानं एक खवला हलवला न्हाई. मग मी जरा आडोशाला गेलो, लघवीला. दोन मिनिटं. आलो तर गायब.”

“आणि उलगडलेलं कुणी पाहिलं?”

“भाकरीवाल्यानं. फुकट बघितलं लेकानं.”

दुसरा किस्सा त्यांच्या तरुणपणीचा. घोयरा सरडा रंग बदलतो म्हणतात, तर चौकड्याच्या लुंगीवर ठेवला तर चौकडा दाखवेल का, असा यांना प्रश्न पडला. लुंगी स्वतः नेसलेली होती. सरडा रागानं काळा पडला, सरसर वर चढला आणि डोक्यावर जाऊन बसला. त्याच वेळी प्राचार्य तपासणीला आले. सरांनी डोकं न हलवता त्यांच्याशी पंधरा मिनिटं वेळापत्रकाविषयी चर्चा केली.

मीही माझं सांगितलं. गांडुळांच्या चार पिंपांवर मी चार प्रकारचं खत तपासत होते. वर्षभर मोजमाप करून निष्कर्ष काढला की तिसरं खत सर्वोत्तम. मग कळलं की आमचा शिपाई रोज कपबश्या विसळलेलं पाणी तिसऱ्या पिंपात ओतत होता. माझा पहिला शोधनिबंध खरं तर चहाच्या नावानं छापायला हवा होता.

सर खूप हसले. मग काठीनं समोरची माती उकरली. “वसंता असता तर तिसरा किस्सा त्याचा असता,” म्हणाले. तो कोणता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण सांगायचा होता त्यानं. तेव्हा मला फार एकटं वाटलं. दोघं जण शेजारी बसलेले असताना असं वाटू नये, पण वाटलं.

घमेलं

तिसरा दिवस. घमेल्यातलं पाणी निवळलं होतं. सर दर तासाला येऊन त्यावर ओणवे होत, भिंग डोळ्याला टेकवत आणि विचारत, “काही?” मी म्हणे, “अजून नाही.” डासांच्या चार अळ्या झाल्या होत्या. त्याही मी सांगितल्या, तर त्यांना तेवढ्यानंही बरं वाटलं.

दुपारी मला घमेल्याच्या कडेला एक तूस तरंगताना दिसलं. चिमट्यानं उचललं. सोयाबीनच्या शेंगेचं टरफल होतं, ताजं, लव असलेलं.

मी ते हातात धरून बराच वेळ बसले. माळाच्या त्या खडकाळ डबक्याच्या आसपास शेत नव्हतंच, आणि तीस वर्षांपूर्वी त्या बाजूला सोयाबीन औषधालाही नव्हतं. म्हणजे ही माती तीस वर्षांपूर्वीची नाही. म्हणजे कुणीतरी बदलली. बरणी सरांच्या कपाटात, आणि तिला ते कुणाला हात लावू देत नसत.

माझ्या मनात काय आलं ते मी लपवत नाही. मला वाटलं, बरणी केव्हाच फुटली असेल, किंवा मुळात त्या मातीत कधी काही नव्हतंच हे यांनाही ठाऊक असेल, आणि आता जाता जाता ही भरलेली बरणी केवळ मला बोलावण्यासाठी. एकट्या माणसाला सोबतीसाठी काय काय सुचतं हे मला घरबसल्या माहीत आहे. मी दोनदा गॅस कंपनीला विनाकारण फोन केलेला आहे.

ते टरफल मी रुमालात बांधलं. सरांना विचारलं नाही. उलट दिवसभर त्यांच्याशी गोड बोलत राहिले, चहा करून दिला, चष्मा पुसून दिला. रात्री सांगितलं की परवा सकाळच्या गाडीनं निघावं म्हणते. ते “बरं” म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी गयाबाई भाकरी घेऊन आल्या. सर आत दाढी करत होते. मी ओसरीवर सोयाबीनचं टरफल उन्हात धरून सरांच्या भिंगातून बघत होते, स्वतःची खात्री करायला. गयाबाईंनी ते पाहिलं आणि भाकरीची पाटी खाली ठेवून तिथंच बसल्या.

“ताई, तुमाला कळलं व्हय?”

“काय?”

“ती माती आमच्या वावरातली हाय. सोयाबीनच्या. सरांची माती म्या घेतली. घटाला.”

मला पटकन काही उमगेना. त्या सांगत गेल्या, खाली मान घालून. नवरात्राच्या आदल्या दिवशी सर डोळे दाखवायला धाराशिवला गेले होते. घट बसवायला वावरी हवी होती. वावरी म्हणजे वावरातून आणलेली माती, पत्रावळीवर पसरून त्यात धान्य पेरतात, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवतात. आमच्याकडे शहरात ती पिशवीत विकत मिळते आणि कुठून आली हे कुणी विचारत नाही.

“वावरात समदीकडं तणनाशक मारल्यालं. बांधावर लोकं बाटल्या फोडत्यात. घटाची माती कशी पायजे, कुनाचा पाय न लागल्याली. गावात तसली माती एकाच ठिकानी हुती. सरांच्या कपाटात.”

“पण सरांनी तुम्हाला हात लावू नका म्हणून सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं हुतं की. म्हनून तर घेतली. मानूस मातीला दादरा बांधून जपतंय, कुनाला शिवू देत न्हाय, म्हंजी ती माती कसली असंल? तेवढीच परत भरली, ताई. माप घिऊन. चिमूटबी कमी न्हाय. सांगनार हुते. मग तुमी आला, ते एवढं घमेलं मांडलं, सर सारखं वाकून बघायलेत. माझ्यानं तोंडच उघडना.”

मागं काठीचा आवाज झाला. सर दारात उभे होते, अर्ध्या गालाला साबण. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गयाबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी उठून उभी राहिले. तीस वर्षं जपलेली माती होती, शेवटची होती आणि डोळे जायला आले होते. मला वाटलं, आता ते ओरडतील, आणि ओरडले तर चुकणार नाहीत.

सर खुर्चीत बसले. 

“गयाबाई, घट कसा उगवला होता?”

“आँ?”

“कोंब कसे आले होते?”

“लई झ्याक, सर. ईतभर. अवंदा गावात तसा कुनाचाच न्हाय उगवला. तुमाला दिले की.”

सरांनी टेबलाकडं मान वळवली, जिथं पेनांत ते पिवळे कोंब उभे होते. “माती चांगली होती मग,” ते म्हणाले आणि त्यांच्या गालावरचा साबण हलायला लागला. हसत होते की काय, मला नीट कळलं नाही.

मग एकदम त्यांनी काठी आपटली. “घट उठवल्यावर माती कुठं टाकली?”

“पान्यात सोडायची अस्ती. हिरीवर जायचं तर गुडघं उचलत न्हाईत. मग डोनीत सोडली. गोठ्याम्होरल्या.”

“पाणी होतं डोणीत?”

“बैल इकल्यापसनं कोरडीच हुती. बोरचं पानी भरलं न् सोडली. आता नासलंय ते पानी. कायतरी वळवळतंय त्यात. मालक म्हनले आज फिनेल टाकून धुतो.”

सदुसष्ट वर्षांच्या दोन माणसांनी पळू नये. पण आम्ही पळालो. सर काठी विसरले आणि माझा दंड धरून अंगणातल्या दोरीखालून, कोंबड्यांच्या खुराड्याला धडकून, गयाबाईंच्या गोठ्याकडं आले. बैलांना पाणी पाजायच्या दगडी डोणीपाशी गयाबाईंचे मालक, म्हणजे नवरा, बादलीनं पाणी उपसून पेरूच्या झाडाला घालत होते. फिनेलची बाटली शेजारी उघडून ठेवलेली. सर लांबूनच ओरडले, “थांबा हो! थांबा!” ते बिचारे बादली हातात धरून तसेच उभे राहिले, जणू आपल्या हातून काही फुटलं.

डोण

पाणी निम्म्यावर आलं होतं. गढूळ. सूर्य वर चढला होता आणि ऊन सरळ डोणीत पडत होतं. मी गुडघे टेकले, पदर खोचला, आणि बघितलं.

आधी तळाची माती हलतेय असं वाटलं. मग तिच्यातून एक ढाल निघाली. बोटाच्या पेराएवढी, मातकट हिरवी. उलटी झाली, तेव्हा पोटाखाली लाल झालरीसारखे असंख्य पाय लाटेत हलत होते. मागं दोन दोरे. ती सरळ झाली, माझ्यापासून वीतभर अंतरावर आली आणि पाण्याच्या काठाशी थांबली. सरांचं भिंग माझ्या हातात होतं. दोन काळे डोळे जवळजवळ, आणि त्यांच्या मागे मधोमध एक फिका ठिपका.

मी मोजलं. एक, दोन, तीन. परत मोजलं.

“काही?” सरांनी विचारलं. तसंच, जसं घमेल्यापाशी विचारत.

“आहे,” मी म्हणाले. “आहे, सर. पुष्कळ आहेत.”

ते माझ्याशेजारी ओणवे झाले. भिंग घेतलं, डोळ्याला टेकवलं, मान इकडून तिकडं केली. एक ढाल त्यांच्या नाकाखालून पोहत गेली.

“मला नुसतं ऊन दिसतंय,” ते म्हणाले.

मी पांढऱ्या बशीत एक घेऊन दाखवला. बशी जवळ नेली, लांब नेली, सावलीत नेली. बशीतला गडद ठिपका हलतोय एवढं त्यांना कळलं. “चहाची पानंबी अशीच दिसतेत,” म्हणाले. मग त्यांनी मला परीक्षकासारखं विचारायला सुरुवात केली. ढालीची मागची कड कशी आहे? खाच किती खोल? शेपटं अंगाएवढी का लांब? मी सांगत गेले. प्रत्येक उत्तराला ते मान हलवत. गयाबाई आणि त्यांचे मालक बघत उभे होते.

“दोन वेळा आपण वाळल्या मातीवर भसकन पाणी ओतलं,” सर मला म्हणाले. “या बाईनं काय केलं? घटातनं नऊ दिवस पाझर दिला. मग पाण्यात बुडवली. आपल्याला सुचलं का हे? तीन-तीन पीएचड्या.”

“पण सर, आता याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. गयाबाईंची पत्रावळ, देवघर, डोणीतला जुना गाळ, सगळं मिसळलंय. हे त्याच डबक्यातले, असं कोण मानणार?”

“कुणीच न्हाई,” ते म्हणाले. “मी असतो तर मीबी मानलं नसतं.”

मग त्यांनी बाही वर केली आणि उजवा हात पाण्यात घातला. पंजा तळाशी पसरून ठेवला आणि बसून राहिले. मी काही बोलायला गेले तर डाव्या हातानं मला थांबवलं. खवल्या मांजराशेजारी ते कसे बसले असतील ते मला तेव्हा दिसलं. गयाबाईंनी त्यांच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून सूप धरलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. एक ढाल त्यांच्या करंगळीपाशी आली, वळली, परत आली आणि तळहातावर चढली.

“पाय,” सर म्हणाले. “पाय लागायलेत. लई पाय.”

त्यांच्या चष्म्याखालून पाणी गालावरच्या वाळल्या साबणावर उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात हलवायचा नव्हता.

दुपारी ओसरीवर मी वहीचा कागद घेतला आणि टिपण लिहिलं. स्थळ, दिवस, माती कुठून कुठं गेली, गयाबाईंचा घट, डोण, मी काय पाहिलं. काही लपवलं नाही. खाली सही केली आणि पेन सरांच्या हातात दिलं, कागद त्यांच्या बोटाखाली सरकवला.

सरांनी पेन खाली ठेवलं.

“मी पाहिलं नाही, मॅडम,” ते म्हणाले. “मी सही कशी करू?”

ते चिडून म्हणाले नव्हते. उलट ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. पण तीस वर्षं ते वाक्य त्यांच्यापाशी होतं, आणि ते जसंच्या तसं मला परत मिळालं. मी रडले. मी चटकन रडणारी बाई नाही. त्यांना सांगितलं की माझं चुकलं. तेव्हा मी नियमानं बरोबर होते, पण मैत्रीण म्हणून नव्हते. आणि तेवढंच नाही, कालसुद्धा मी तुमच्यावर संशय घेतला, माती तुम्हीच बदलली असं मला वाटलं, रुमालात टरफल बांधून मी दिवसभर तुम्हाला चहा करून देत होते.

“ते कळलं होतं मला,” ते म्हणाले. “तुम्ही माझा चष्मा पुसून दिला तेव्हाच. तुम्ही इतक्या गोड कधीच नव्हतात.”

मग ते उठले, आत गेले, कपाटाचा खालचा खण चाचपडला. हातात एक पिवळा पडलेला टाइप केलेला कागद होता. तो त्यांनी टेबलावर पसरला. खाली तीन नावं. पहिल्या नावावर त्यांची सही, दुसऱ्यावर वसंतरावांची, ती झोकदार. तिसऱ्या नावावर कोरी जागा.

“याच्यावर माझी आहे,” सर म्हणाले. “तेव्हा मी पाहिलं होतं. वसंतानं पाहिलं होतं. तुमचीच राहिलीय.”

मी पेन उचललं. तीस वर्षांपूर्वीचं मी आजही पाहिलेलं नाही, म्हणून सहीखाली आजची तारीख घातली. अक्षर वाकडं आलं. पेन टेकवल्याचा आवाज सरांनी ऐकला असावा, पण त्यांनी मला काही विचारलं नाही. भाकरीची पाटी न्यायला गयाबाई आल्या होत्या. सरांनी त्यांच्या दिशेला मान वळवली.

“गयाबाई, जरा बघा हो. केली का त्यांनी?”

गयाबाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. कागदावरून बोट फिरवत तिसऱ्या नावापाशी आल्या आणि तिथं थांबल्या.

“केली, सर,” त्या म्हणाल्या. “म्या बघितली.”